दवाखान्यात नि शिबिरात न्यायला हातातलं स्पायरोमीटर: टर्बाइन, अल्ट्रासॉनिक की न्यूमोटॅक?

तालुका_दवाखाना
नमस्कार मंडळी. जनरल प्रॅक्टिससाठी हातात मावणारं स्पायरोमीटर (फुंकेतून फुफ्फुसांची क्षमता मोजणारं यंत्र) घ्यायचं आहे. दिवसाला दोन-चार तपासण्या, अधूनमधून गावात शिबिर. विक्रेत्यांनी समोर ठेवलेले पर्याय असे: टर्बाइनवालं (एमआयआरचं स्पायरोबँक), अल्ट्रासॉनिक (एनडीडीचं ईझीवन), न्यूमोटॅकवालं (सिप्लाचं स्पायरोफाय). शिवाय व्हायटलोग्राफचं सीओपीडी-६ आणि साधा पीक फ्लो मीटर. प्रत्येक जण 'आमचंच अचूक' म्हणतो आणि माहितीपत्रक हातात देतो. माहितीपत्रक सोडून बाकीचं सांगा: कुठे चुकतं, का चुकतं, सफाई कशी आणि चालवायचा खर्च किती.

फुफ्फुसतंत्री
डॉक्टर, आधी यादीचीच फोड करू. या पाच वस्तू एकाच कामाच्या नाहीत.

पीक फ्लो मीटर फुंकेचा सर्वोच्च वेग सांगतो, मिनिटाला किती लिटर एवढंच. मोठ्या माणसांच्या मीटरची पट्टी साधारण ६० ते ८००, लहान पल्ल्याच्या मीटरची ३० ते ४००. हा वेग फुंक सुरू होताच, सेकंदाच्या अगदी छोट्या भागात गाठला जातो. पुढे लहान श्वासनलिकांत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. फुफ्फुस आक्रसलेलं असेल तरी आकडा बरा येऊ शकतो. सीओपीडीचं (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं) निदान यावर करायचं नाही.

सीओपीडी-६ सारखं यंत्र पहिल्या सेकंदाची हवा (एफईव्ही१), सहा सेकंदांची हवा (एफईव्ही६) आणि दोहोंचं गुणोत्तर देतं. आलेख नाही. चाळणी म्हणून उत्तम, निदान म्हणून नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: सहा सेकंदांत सोडलेली हवा पूर्ण सोडलेल्या हवेपेक्षा थोडी कमी भरते, म्हणून गुणोत्तर थोडं जास्त येतं. इथे पूर्ण स्पायरोमेट्रीतली ०.७० ची रेघ (त्याखाली अडथळा) धरली तर काही रुग्ण निसटतात. सहसा ०.७३ च्या आसपास धरतात, आणि त्याखालच्याला पूर्ण स्पायरोमेट्रीला पाठवतात.

बाकी तीन ही खरी स्पायरोमीटरं. निवड करायची ती या तिघांत.

आणि शिबिरात हमखास कुणीतरी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं घेऊन येतं आणि 'माझ्या दोन गोळ्या वर जातात' म्हणून सांगतं. ते इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर. त्यात श्वास *आत* ओढायचा असतो, गोळ्यांवर ६००, ९००, १२०० असं लिहिलेलं असतं तो सेकंदाला मिलिलिटरचा वेग आहे. ऑपरेशननंतरच्या व्यायामाचं साधन ते, मोजमापाचं नव्हे.

नळकांडे
सेन्सरवर बोलतो, कारण यंत्र कुठे चुकणार ते तिथेच ठरतं.

टर्बाइन: नळीत हलकं पातं, हवेनं फिरतं, इन्फ्रारेड किरण तुटतात, त्यांची मोजणी. तापमान-आर्द्रतेचा फरक नगण्य, वीज कमी खातं, किंमत आवाक्यात. दुखणं एकच, जडत्व. फुंकेच्या शेवटी हवा अगदी मंद येते तेव्हा पातं लवकर थांबतं किंवा स्वतःच्या वेगात थोडं पुढे फिरत राहतं. सीओपीडीच्या रुग्णाची फुंक नेमकी याच लांब शेपटीची असते. दुसरं म्हणजे केस, कापसाचा तंतू, वाळलेली थुंकी आसावर बसली की पातं जड फिरतं आणि आकडा कमी येतो. रुग्ण ठणठणीत, कागदावर दमेकरी.

न्यूमोटॅक: नळीत जाळी किंवा बारीक नळ्यांचा जुडगा, त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजून वेग काढतात. वेगाला प्रतिसाद छान, हलता भाग नाही. पण जाळीवर ओल किंवा कफ बसला की अडथळा वाढतो, दाबातला फरक वाढतो, आणि आकडा जास्त येतो. म्हणजे घाणीचा परिणाम टर्बाइनच्या बरोबर उलटा. हे डोक्यात असलं की विचित्र रिपोर्ट बघून यंत्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखता येतं.

अल्ट्रासॉनिक: ध्वनिलहरी हवेच्या दिशेनं जायला किती वेळ लागला आणि उलट दिशेनं किती, यातल्या फरकावरून वेग. तापमान, आर्द्रता, वायूचं मिश्रण गणितातून निघून जातं. हलणारं काही नाही, अडथळा जवळजवळ नाही, सेन्सरला रुग्णाची हवा थेट लागत नाही कारण मध्ये एकदाच वापरायची नळी असते. तीच त्याची खर्चाची बाजू. नळी खाचेत नीट बसली नाही, खुणा जुळल्या नाहीत, तर जाळीच्या खिडक्या सेन्सरसमोर येत नाहीत आणि मोजमाप बिघडतं.

माझं मत विचाराल तर: हात कमी आणि सफाईला माणूस नाही अशा ठिकाणी अल्ट्रासॉनिक. पैसे कमी पण शिस्त आहे, तिथे टर्बाइन. न्यूमोटॅक तिथे, जिथे शून्य करण्याची शिस्त पाळली जाईल.

वाचनमात्र
शून्य करणं म्हणजे? बटण दाबलं की झालं ना?

नळकांडे
बटण दाबलं की झालं, पण त्या क्षणी नळीतून हवा जात नसेल तर.

न्यूमोटॅक (आणि बहुतेक अल्ट्रासॉनिकही) तपासणीआधी 'आता वेग शून्य आहे' हे शिकून घेतं. आपल्याकडे डोक्यावर पंखा फिरत असतो. यंत्र हातात आडवं धरून शून्य केलं, पंख्याची झुळूक नळीतून गेली, की ती झुळूकच यंत्राचं शून्य होऊन बसते. मग रुग्णाची फुंक संपली तरी आकारमानाचा आलेख वर चढतच राहतो, किंवा संपता संपता खाली झुकतो. पंधरा सेकंदांच्या फुंकेत ही चूक साचत जाते, एफव्हीसी (पूर्ण भरून जोरात सोडलेली एकूण हवा) शे-दोनशे मिलिलिटरनं सहज वाकडी होते, आणि एफईव्ही१ शी तिचं गुणोत्तर खोटं कमी किंवा खोटं जास्त येतं.

उपाय: पंखा बंद, किंवा नळीचं तोंड तळहातानं झाकायचं (सेन्सरला दाब न देता), यंत्र टेबलावर स्थिर ठेवायचं, मग शून्य. रुग्णाच्या तोंडात नळी देऊन शून्य करायचं नाही, तो श्वास घेतच असतो.

फुफ्फुसतंत्री
+१. पंख्याच्या या एका मुद्द्यासाठी धागा वर राहायला हवा.

टर्बाइनच्या सफाईचं जोडते. पातं नळाच्या धारेखाली धरायचं नाही, धारेच्या जोरानं आस वाकतो. भांड्यात थंड जंतुनाशक द्रावण घ्यायचं, उत्पादकानं सांगितलेलं, अल्कोहोल किंवा तेलकट काही नको. टर्बाइन बुडवून हलवायचं, सांगितलेला वेळ ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवून खळाळायचं, झटकायचं, उभं ठेवून वाळवायचं. कापूस किंवा टिश्यू आत घालायचा नाही, तंतू तिथेच राहतो. वाळल्यावर उजेडासमोर धरून हळूच हलवायचं: पातं आवाज न करता, न अडखळता फिरलं पाहिजे. अडखळलं तर पुन्हा सफाई, तरीही अडखळलं तर नवं टर्बाइन. आणि शिबिरात मांडवाबाहेर उन्हात बसू नका, इन्फ्रारेड सेन्सरवर थेट ऊन नको.

श्वासगणित
सेन्सरची चर्चा चांगली चालली आहे, पण विकत घेताना मी पहिला प्रश्न वेगळा विचारेन: पडद्यावर आलेख दिसतो का, आणि फुंकतानाच दिसतो का? आकडा बरोबर आहे की नाही हे आकड्यावरून कळत नाही, आलेखावरून कळतं.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०१९ च्या निकषांतलं कामापुरतं सांगतो.

सुरुवात झटक्यात हवी. मागे नेऊन काढलेलं आकारमान (खरी फुंक सुरू होण्याआधी निसटलेली हवा) एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिलिलिटर, यांतलं जे मोठं त्याच्या आत हवं. एफव्हीसी ३ लिटर असेल तर मर्यादा १५० मिलिलिटर, दीड लिटर असेल तर १००. पहिल्या सेकंदात खोकला नको. शेवट खरा हवा: शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त भर पडत नाही, किंवा फुंक १५ सेकंद चालली. लहान मुलं आणि आक्रसलेली फुफ्फुसं लवकर रिकामी होतात, तिथे सहा सेकंदांचा जुना हट्ट नको.

अशा किमान तीन फुंका, मोठ्यांत सहसा आठांपुढे जायचं नाही. सर्वांत चांगल्या दोन एफईव्ही१ मध्ये आणि दोन एफव्हीसीमध्ये १५० मिलिलिटरच्या आत फरक हवा. उदाहरणार्थ एफईव्ही१ २.४०, २.३१, २.१० आले: वरच्या दोघांत ९० मिलिलिटर, चालेल. २.४०, २.१८, २.१० आले तर अजून फुंकवा.

यंत्र हे सगळं स्वतः मोजून अ-ब-क श्रेणी दाखवत असेल तर उत्तम. नुसतंच हिरवं-लाल हसरं तोंड दाखवत असेल तर पुढचं यंत्र बघा.

कारखानदक्ष
थोडा विरोध नोंदवतो. सगळे पीक फ्लोला हिणवताय, पण जे काम दोन आठवडे, दिवसातून अनेकदा मोजून होतं ते दवाखान्यातलं स्पायरोमीटर करू शकत नाही. कामाच्या जागेमुळे दमा आहे का, हे बघायला कोल्हापूरच्या फाउंड्रीतला किंवा विदर्भातल्या जिनिंगमधला कामगार दिवसातून चार वेळा फुंकतो, कामाच्या दिवशीही आणि सुटीच्या दिवशीही. सुटीत आकडा वर, कामावर खाली, असं चित्र आठवड्यामागून आठवडा दिसलं तर तो पुरावा. काही शे रुपयांच्या मीटरमध्ये.

श्वासगणित
मान्य, हिणवत नाही. निदानातली त्याची खरी जागा चढउतार मोजण्याचीच आहे. दिवसातला सर्वाधिक वजा सर्वांत कमी, भागिले त्या दोघांची सरासरी. सकाळी ३५०, संध्याकाळी ४२०: फरक ७०, सरासरी ३८५, म्हणजे १८ टक्के. एक-दोन आठवड्यांची अशी रोजची टक्केवारी काढून तिची सरासरी मोठ्यांत १० च्या वर, मुलांत १३ च्या वर गेली तर चढउतार नेहमीपेक्षा जास्त. प्रत्येक वेळी तीन फुंका, त्यांतली सर्वांत मोठी लिहायची. सरासरी नाही.

अट एकच, मीटर तोच हवा. दोन मीटरमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक निघू शकतो. त्यातही जुन्या मीटरवर राइट पट्टी असते, नव्यांवर युरोपियन पट्टी. ब्रिटनमध्ये २००४ साली बदल झाला. जुनी पट्टी मधल्या पल्ल्यात जास्त दाखवायची. मीटर बदलल्यावर 'अचानक खालावलो' म्हणणाऱ्या माणसाचं आधी मीटर बघा.

फिजिओताई
आणि फुंकण्याची पद्धत. पीक फ्लोमध्ये गाल फुगवून, जिभेनं 'थूः' केल्यासारखं फुंकलं की काटा शंभर-दीडशेनं खोटा उडतो. जीभ नळीखाली, ओठ बाहेरून गच्च, फुंक छातीतून. काट्याच्या खाचेवर बोट येत नाही ना तेही बघा, काटाच अडतो.

स्पायरोमेट्रीत बसवून, पाय जमिनीवर, हनुवटी किंचित वर, नाकाला चिमटा. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, ओठांना आधार मिळतो. सैल असेल तर काढा. कमरेचा पट्टा, घट्ट नेसलेलं लुगडं सैल करा. पूर्ण भरल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त रोखू देऊ नका.

सांगायचे शब्द तीनच टप्प्यांचे: 'भरा, भरा, अजून भरा', लगेच मोठ्यानं 'फुंका!', आणि मग थांबेपर्यंत 'सोडत राहा, सोडत राहा, अजून आहे, अजून आहे'. तिसरा टप्पा लोक गाळतात आणि एफव्हीसी कमी येते. शेवटी पुन्हा जोरात श्वास आत घ्यायला लावा. आधी स्वतः करून दाखवायचं, नुसतं सांगून निम्म्यांना कळत नाही.

तालुका_दवाखाना
सर्वांचे आभार. दोन अडचणी. शिबिर नागपूर भागात उन्हाळ्यात असतं, तापमानाचा काही परिणाम? आणि एकाच रुग्णाचे दोन यंत्रांवर टक्के वेगळे येतात, ते का?

नळकांडे
तापमान: छातीतली हवा ३७ अंश आणि बाष्पानं भरलेली, बाहेर आली की थंड होऊन आक्रसते. म्हणून यंत्र खोलीचं तापमान धरून आकडा गुणतं. खोली २० अंशांना गुणक १.१०२, २५ ला १.०७५, ३० ला १.०४५, ३७ ला १. एसी खोलीत २५ भरलेलं यंत्र तसंच मांडवात ३७ अंशांना वापरलं की सगळे आकडे साडेसात टक्के फुगले. तापमान हातानं भरायचं असेल तर जागा बदलली की भरा. यंत्रात थर्मामीटर असेल तर गाडीतून काढल्या-काढल्या वापरू नका, खोलीशी जुळायला अर्धा तास द्या. आणि ४० च्या वर तपासणीच टाळा, मे महिन्यातल्या नागपुरात सकाळी आटपा.

याच गणिताचा उपयोग चूक शोधायला होतो. ३ लिटरच्या सिरिंजनं (नेमकी तेवढी हवा ढकलून यंत्र तपासायची मोठी पिचकारी) तपासताना आकडा ३.२२ आला आणि खोली २५ अंशांची असली, तर यंत्र बिघडलेलं नाही. ३ गुणिले १.०७५. तुम्ही सिरिंजची हवा रुग्णाच्या मोडमध्ये ढकलली. कॅलिब्रेशनच्या (यंत्राचं माप तपासण्याच्या) मोडमध्ये जा.

श्वासगणित
टक्के वेगळे येतात कारण 'अपेक्षित' आकडा वेगवेगळ्या समीकरणांतून येतो. जीएलआयच्या (ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह) २०१२ च्या समीकरणांत दक्षिण आशियाई असा स्वतंत्र गट नाही, आपल्याला 'इतर/मिश्र' निवडावं लागतं. २०२२ चं जीएलआय ग्लोबल वंशाचा रकानाच काढून टाकतं. काही यंत्रांत भारतीय समीकरणं असतात, काहींत जुनी युरोपियन पडून असतात आणि कुणी बदललेली नसतात. दोन भेटींची तुलना लिटरमध्ये करा, टक्क्यांत नको, आणि रिपोर्टवर समीकरणाचं नाव छापलं जातंय का ते घेण्याआधी बघा. उंची मोजा, विचारू नका. पाठीला बाक असेल तर हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजून त्यावरून उंची काढा.

श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाआधी-नंतरच्या तुलनेचंही तसंच. सॅल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे चार झटके स्पेसरमधून (इनहेलरला जोडायची पोकळ नळी), १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंका. जुना निकष: १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढ. २०२२ चा निकष: अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ. एफईव्ही१ १.६० वरून १.८५ झाला, अपेक्षित २.६०. जुन्या निकषानं २५० मिलिलिटर, साडेपंधरा टक्के, म्हणजे प्रतिसाद आहे. नव्यानं ०.२५ भागिले २.६०, साडेनऊ टक्के, म्हणजे नाही. सॉफ्टवेअर कोणतं गणित करतंय हे माहीत नसेल तर 'पॉझिटिव्ह' या शब्दाला अर्थ नाही.

फुफ्फुसतंत्री
फिल्टरबद्दल कुणी बोललं नाही. जिवाणू-विषाणू फिल्टर प्रत्येक रुग्णाला नवा, आपल्याकडे यावर तडजोड नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी टीबीसाठी थुंकीची तपासणी, स्पायरोमेट्री नंतर. खोकल्यातून रक्त पडतंय, आठवड्याभरात हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चार आठवड्यांत छाती-पोटाचं ऑपरेशन झालंय: पुढे ढकला.

फिल्टर लावला की अडथळा वाढतो, म्हणून सिरिंजनं तपासतानाही तोच फिल्टर लावूनच तपासायचं. कुठलाही स्वस्त फिल्टर 'बसतो' म्हणून लावू नका, एकूण अडथळा मर्यादेत राहिला पाहिजे.

खर्चाचं गणित यंत्राच्या किमतीवर करूच नका. (फिल्टर + नळी + नाकाचा चिमटा) गुणिले वर्षाच्या तपासण्या, त्यात टर्बाइन बदलायचा खर्च. समजा एका रुग्णामागे एका यंत्राला ६० रुपये लागतात आणि दुसऱ्याला १४०. दिवसाला चार, वर्षाचे ३०० दिवस: फरक ९६ हजार. दुसऱ्या वर्षी यंत्राची मूळ किंमत कुणाला आठवतही नाही. कोटेशनमध्ये नळ्यांचा भाव नि पुरवठा लेखी घ्या. फक्त त्याच कंपनीची नळी चालणार असेल आणि तालुक्याला यायला तीन आठवडे लागणार असतील, तर तेवढे दिवस यंत्र कपाटात.

वाचनमात्र
ब्लूटूथ आणि मोबाइलवाली घ्यावीत का?

नळकांडे
यंत्र चांगलं असेल तर घ्या, ब्लूटूथसाठी नको. चार गोष्टी विचारा. नेटशिवाय तपासणी पूर्ण होते का? रिपोर्ट आलेखासकट पीडीएफमध्ये काढता येतो का? सगळ्या फुंका साठतात की फक्त सर्वोत्तम? ॲप बंद पडलं तर जुना डेटा कुणाकडे? स्पायरोमीटरच्या आयएसओ २६७८२ या मानकाचा उल्लेख कागदावर मागा. पीक फ्लोला २३७४७ आहे, विक्रेते दोन्हींची सरमिसळ करतात. नुसतं फोनच्या माइकवर फुंकायचं ॲप असेल तर नमस्कार.

तालुका_दवाखाना
बहुधा अल्ट्रासॉनिक. शेवटचा प्रश्न: सिरिंज महाग आहे. जवळच्या तीन दवाखान्यांत मिळून एक घेतली तर?

फुफ्फुसतंत्री
निकष सांगतात, तपासणी असेल त्या दिवशी रोज. तीन वेगांनी, सावकाश सहा सेकंदांत, मग साधारण एका सेकंदात, मग अर्ध्या सेकंदात, आणि प्रत्येक वेळी २.९१ ते ३.०९ च्या आत. दट्ट्या शेवटी आपटायचा नाही. 'आमच्या यंत्राला कॅलिब्रेशन लागत नाही' याचा अर्थ त्याचं माप बदलून जुळवायला लागत नाही, तपासायला लागतंच. त्यामुळे सामायिक सिरिंज म्हणजे तडजोड, माझी शिफारस नाही.

नळकांडे
तडजोड आहेच, पण सिरिंज अजिबात नसण्यापेक्षा बरी. करायचीच तर अशी: सिरिंज आठवड्याला फिरवा, आणि मधल्या दिवसांत दवाखान्यातल्या दम्या-खोकल्याच्या नसलेल्या, विडी न ओढणाऱ्या दोन माणसांना फुंकवून वहीत एफईव्ही१ नि एफव्हीसी लिहा. सुरुवातीला दहा वेगवेगळ्या दिवसांचे आकडे घेऊन त्यांची सरासरी ठरवा. एखाद्या दिवशी दोघांचाही आकडा एकाच दिशेनं सरकला तर यंत्र संशयित, एकाचाच सरकला तर माणूस. संशय आला की सिरिंज येईपर्यंत तपासण्या बंद.

नेताना खोक्यातून न्या, दट्ट्याची खूण सरकली नाही ना बघा. पोहोचल्यावर त्या खोलीत ठेवून तापमान जुळू द्या. महिन्याला गळती तपासा: दट्ट्या अर्धा ओढून तोंड बुचानं गच्च बंद करा आणि ढकला. दाब टिकला पाहिजे, हळूहळू आत सरकला तर गळते आहे. पडली तर वरून धड दिसली तरी उत्पादकाकडून तपासून आणेपर्यंत वापरू नका.

तालुका_दवाखाना
ठीक. एक सिरिंज, तीन वह्या. फुंकायला कंपाउंडर आणि नर्सताई दोघंही तयार आहेत.